ट्रम्पेटवाल्याचं ऑपरेशन

पोट माझं फाडलं, टाके मला पडले, आतड्याचा वीतभर तुकडा माझा गेला. पण ऑपरेशनच्या गोष्टी सांगतात ते आमच्या बँडपार्टीतले बाकीचे सात जण! लग्नाच्या मांडवामागं पंगतीची वाट पाहत बसलो, की कोणीतरी सुरू करतोच, ‘‘अरे, देविदासच्या टायमाले काय झालतं...’’ आणि दरवेळी त्यात एखादा असा किस्सा निघतो, जो मीही पहिल्यांदाच ऐकत असतो. आता त्यालाही इलाज नाही. अर्धा वेळ मी बेशुद्ध होतो! पण किस्से इतके साचले, आणि प्रत्येकाच्या तोंडी इतके फुगले, की म्हटलं, ज्याचं पोट त्यानं एकदा तरी सरळ सांगून टाकावं.

आधी माणसं सांगतो. मी देविदास. वर्ध्याजवळच्या सेलूच्या एका शाळेत क्लार्क आणि लग्नसराईत ट्रम्पेटवाला. भाऊराव मास्तर आमचे बँडमास्तर. क्लॅरोनेट वाजवायचे. कान असा, की पलीकडच्या गल्लीत पेटीचा सूर उतरला तर हे घरी बसून तोंड वाकडं करणार. शालिक आमचा ढोलवाला. देह ढोलाहून मोठा आणि काळीज चिमणीएवढं. आणि माझी बायको शांता. आमची एक शाळकरी पोरगीही होती. बाकीचे पाच जण या सगळ्यात सोबतच होते, ते ‘बँडपार्टी’ म्हटलं की आलेच समजा. गोष्ट ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमाराची.

* * *

दिवाळीच्या आधीपासून मला संडासवाटे रक्त जात होतं. मी स्वतःच डॉक्टर झालो आणि मूळव्याध ठरवून टाकली! ताक पिलं, सुरण खाल्लं, बाजारातून कसलीशी काळी पुडी आणली. रक्त थांबेना. वजन उतरायला लागलं. बँडच्या पॅन्टच्या पट्ट्याला मी खिळ्यानं एक भोक पाडलं, मग दुसरं. शांता रोज म्हणायची, ‘‘दवाखान्यात चला.’’ मी रोज म्हणायचो, ‘‘सिझन होऊ दे.’’

 मास्तर मात्र एका संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, ‘‘उद्या वर्ध्याले सुपारी हाय. अकराले वाजवाचं हाय. ड्रेसवर येजो.’’

मी लाल कोट, सोनेरी झालर, टोपी, हातात ट्रम्पेट अशा थाटात बसस्टँडवर हजर! पाहतो तर मास्तर एकटेच. तेही ड्रेसवर.

‘‘बाकीचे कोठी हाय?’’

‘‘येते मागून.’’

वर्ध्याला उतरल्यावर मास्तरांनी रिक्षा केली आणि ती थेट एका मोठ्या दवाखान्याच्या दारात उभी राहिली. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ओपीडीच्या बाकावर नेऊन बसवलं. अख्खी रांग आमच्याकडं बघायला लागली. एका म्हातारीनं तर विचारलं, ‘‘कोणाचं लगन हाय बाप्पा इथं?’’

आमचा नंबर लागला. आत मोठे डॉक्टर बसले होते. चष्मा, कडक इस्त्रीचा पांढरा कोट, चेहऱ्यावर रेषा हलायची नाही. त्यांनी मान वर केली. दोन लाल कोट पाहिले. एक ट्रम्पेट पाहिलं.

‘‘वरात कुठं आहे?’’

मास्तर हात जोडून म्हणाले, ‘‘वरात घरी हाय साहेब. मी फक्त नवरदेव आणला.’’

* * *

मूळव्याध नव्हती! डॉक्टरांनी बोटानं तपासलं, मग मागून पांढरं औषध भरून आतड्याचे एक्स-रे काढले, मग आत नळी घालून बारीकसा तुकडा तपासायला घेतला. चार-सहा दिवसांनी शांताला आणि मास्तरांना आत बोलावलं. मला बाहेर बसवलं.

दोघं बाहेर आले. शांता पदरानं नाक पुसत म्हणाली, ‘‘काही नाई व्हय, साधी गाठ हाय. काढून टाकते.’’

मास्तर म्हणाले, ‘‘अगदी साधी.’’

त्या दिवसापासून घरात नवाच कारभार सुरू झाला. शांतानं मास्तरांना शपथ घातली, कोणाला सांगू नका. मास्तरांनी ती पाळली आणि फक्त शालिकला सांगितलं, शपथ घालून. शालिकनं फक्त आमच्या ताशावाल्याला सांगितलं, शपथ घालून. आठ दिवसांत सेलूत असा माणूस उरला नाही, ज्यानं शपथ घेतली नव्हती!

त्याचा परिणाम काय झाला? जो तो माझ्याशी गोड बोलायला लागला. शाळेत हेडमास्तर स्वतः उठून मला खुर्ची द्यायचे. शालिक, जो मला आयुष्यभर ‘बे’ म्हणून हाक मारत आला, तो ‘देविदासभाऊ, जेवले काय?’ म्हणायला लागला. ताशावाल्यानं तर मागच्या भांडणाची माफी मागितली. ते भांडण मीसुद्धा विसरलो होतो.

ऑपरेशनसाठी भरती झालो त्या सकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. शांता कळशी घेऊन नळावर गेली होती. मी म्हटलं, ‘‘डॉक्टरसाहेब, एक विचारू? कॅन्सर हाय ना?’’

ते थांबले. खुर्ची ओढून माझ्या जवळ बसले. म्हणाले, ‘‘हो. मोठ्या आतड्याचा. पण वेळेत सापडला असावा असं मला वाटतं. पोट उघडल्यावर नक्की कळेल. तुम्हाला कोणी सांगितलं?’’

‘‘कोणीच नाई सांगतलं, साहेब! म्हणून तं समजलं!’’

त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा त्या दिवशी पहिल्यांदा हलली. तेवढ्यात शांता पाणी घेऊन दारात आली. माझं तोंड पाहूनच तिला कळलं. कळशी तशीच खाली ठेवून ती पलंगाच्या कडेवर बसली आणि आम्ही दोघं आठ दिवसांत पहिल्यांदा धडपणे रडलो. मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, ‘‘बरं झालं बाई. आता भाजीत मीठ जास्त झालं तं सांगत जा. आठ दिवस झाले, तुमी बी गोड गोडच बोलून राह्यले मायाशी!’’

* * *

रक्ताच्या दोन बाटल्या लागणार होत्या. माझा ग्रुप निघाला ओ निगेटिव्ह. बँडपार्टीतले सातही जण बाह्या वर करून गेले आणि सातही जण बाह्या खाली करून परत आले. एकाचाही जुळेना! शालिकला तर फार वाईट वाटलं. ‘‘एवढं अंग हाय, अन् कामाचं थेंबभर रगत नाई,’’ म्हणून तो जिन्यावर बसून राहिला.

त्यात आणखी एक भानगड. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी आंजीला एक लग्न होतं आणि त्याची सुपारी आम्ही दोन महिने आधी घेतलेली. मुलीचे वडील पांडुरंगजी, शेतकरी माणूस, आवाज खणखणीत. ट्रम्पेट येणार नाही, एवढं त्यांच्या कानावर गेलं आणि ते भावाला घेऊन तणतणत दवाखान्यात आले! व्हरांड्यातूनच सुरू झाले, ‘‘कोठी हाय मास्तर? पोरीच्या लग्नात का नुसता ढोल बडवता? आमी काय नदीवर गणपती शिरवून राह्यलो?’’

मास्तर समजवायला लागले. ते ऐकेनात. मध्येच त्यांची नजर खांबाला टेकून बसलेल्या शांताकडं गेली. आवाज जरा खाली आला.

‘‘हे कोण?’’

‘‘त्याची बायको. रगताचा ग्रुप भेटून नाई राह्यला.’’

‘‘कोणता ग्रुप?’’

मास्तरांनी सांगितला. पांडुरंगजी भावाकडं वळले. ‘‘तुह्या अपेंडिसच्या टायमाले मी रगत देलं, थे कोणतं होतं बे?’’

भाऊ म्हणाला, ‘‘हेच तं होतं दादा!’’

शांता उठून उभी राहिली. ‘‘नाई दादाजी, लग्नघर हाय तुमचं. आता अशक्तपणा येईल तुमाले.’’

‘‘तू बस व!’’ म्हणत ते रक्तपेढीकडं निघालेसुद्धा. दोन्ही भावांचा ग्रुप जुळला. हाताला सुई लावून खाटेवर पडल्यापडल्या पांडुरंगजींनी मास्तरांना हाक मारली, ‘‘मास्तर, परवा मांडवात कोणी इचारलं ना, ट्रम्पेट काऊन नाई, तं सांगजा, त्यात पोरीच्या बापाचं रगत भरणं चालू हाय!’’

* * *

मोठ्या आतड्याचं ऑपरेशन म्हणजे आधी आतडं धुऊन स्वच्छ करायचं. चार दिवस नुसतं पातळ. डाळीचं पाणी, सरबत, काळा चहा. एरंडेल वेगळं. सकाळ-संध्याकाळ एनिमा वेगळा. आमच्या वॉर्डच्या अन्नम्मा सिस्टर केरळच्या. मराठी, हिंदी, जे हाती येईल ते बोलायच्या. कोणी पेशंटला चोरून भजं दिलं, तर व्हरांड्याच्या टोकावरून त्यांना वास यायचा!

ऑपरेशननंतर छातीत कफ साचू नये म्हणून फुप्फुसाचा व्यायाम करवून घ्यायचे. तेव्हा आजच्यासारखी रंगीत गोळ्यांची खेळणी नव्हती. सिस्टर रबराचा हातमोजा आणायच्या आणि म्हणायच्या, ‘‘फुगवा.’’ बाकीचे पेशंट लाल होईस्तोवर फुंकायचे, तेव्हा कुठं एखादं बोट उभं राहायचं.

माझ्या हातात मोजा आला. मी सवयीनं पोटातून दम घेतला आणि दिला!

फाट्!

पलीकडचा म्हातारा पलंगावर उठून बसला. सिस्टर म्हणाल्या, ‘‘मोजा जुना असेल.’’ दुसरा आणला. पाचही बोटं झाली, तळवा झाला, मोजा कलिंगडाएवढा झाला, आणि फाट्! तिसऱ्या वेळी अर्धा वॉर्ड माझ्याभोवती गोळा झाला होता. तिसराही गेला!

सिस्टरनी माझ्या हातातली चिंधी काढून घेतली. ‘‘बस करो भैया! तुम सब ग्लोव्ह फोडेगा, तो डॉक्टर ऑपरेशन काय उघड्या हातानं करेगा?’’

* * *

ऑपरेशनची सकाळ.  डॉक्टरांनी आदल्या दिवशी सगळं सरळ सांगितलं होतं. गाठ निघाली तर उत्तम. गरज पडली तर काही महिने पोटावर पिशवी लावावी लागेल. आणि गाठ पसरलेली असली, तर पोट तसंच शिवून टाकतील. शांतानं माझ्या कपाळावरचे केस मागं केले.  ट्रॉली सरकली.

आत भुलीचे डॉक्टर तरुण होते, बोलके होते. शिरेत सुई लावली आणि म्हणाले, ‘‘देविदासजी, आता आकडे मोजा. मोठ्यानं. वीसपर्यंत पोचणार नाही तुम्ही.’’

मी सुरू केलं. ‘‘एक, दोन, तीन, चार.’’

‘‘छान. पुढं.’’

‘‘एक, दोन, तीन, चार.’’

‘‘पाच म्हणा, पाच.’’

‘‘एक, दोन, तीन, चार.’’

मोठे डॉक्टर हात धुऊन आत आले होते. त्यांनी विचारलं, ‘‘काय झालं? भूल चढली का?’’

भुलीचे डॉक्टर घाबरे होऊन म्हणाले, ‘‘सर, समजत नाही. चारच्या पुढं जातच नाहीत!’’

माझी जीभ जड होत चालली होती. तरी मी म्हटलं म्हणे, ‘‘चारच्या पुढं मास्तर कधी जाऊच देत नाई, साहेब. चारले गाणं उचलाचंच असते.’’

* * *

पुढची गोष्ट शांताची. मी नव्हतोच तिथं. म्हणजे होतो, पण आत, उघड्या पोटानं.

थिएटरच्या बाहेर शांता, मास्तर आणि अख्खी पार्टी. एक तास झाला, दोन झाले. शांता दाराकडंच बघत होती, कारण तिनं मनाशी पक्कं केलं होतं, दार लवकर उघडलं तर वाईट. अडीच तास झाले, तीन झाले. जितका उशीर होत होता, तितका तिला धीर येत होता, आणि बाकीच्यांचा सुटत होता!

चौथा तास सरत आला आणि दार उघडलं. मोठे डॉक्टर स्वतः बाहेर आले. मागं सिस्टर, हातात ट्रे, वर हिरवं फडकं. डॉक्टर म्हणाले, ‘‘गाठ पूर्ण निघाली. आतडं जोडलंय. पिशवी लागली नाही. लिव्हर मी हातानं चाचपून पाहिलं, स्वच्छ आहे.’’

 तेव्हा नातेवाइकांना काढलेला भाग दाखवायची पद्धत होती. डॉक्टरांनी विचारलं, ‘‘बघायचंय?’’

शालिक छाती काढून पुढं झाला. ‘‘दाखवा साहेब, मी पायतो!’’ सिस्टरनी फडकं उचललं आणि शालिक ढोलासकट पडावा तसा धाडदिशी आडवा! चौघांनी उचलला.

शांता मात्र हलली नाही. ट्रेवर वाकली. आतड्याच्या तुकड्यातली लिंबाएवढी गाठ तिनं नीट पाहून घेतली. मग तिनं कंबरेवर हात ठेवले आणि त्या गाठीशीच बोलायला लागली, ‘‘तूच होय काय व ते? एवढुशी? तुह्यापायी मी तीन महिने झोपली नाई! लाज नाई वाटली खात्यापित्या घरात घुसून बसाले?’’

डॉक्टर आत जायचे थांबले. शेवटी त्यांनीच हळूच सिस्टरना सांगितलं, ‘‘झाकू नका अजून. त्यांचं बोलणं होऊ द्या.’’

* * *

आता नाजूक विषय येतोय, पण त्याशिवाय ही गोष्ट पुढं सरकत नाही. आतड्याचं ऑपरेशन झालं, की पेशंटच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही, जोवर खालून वारा सरत नाही. नाकात नळी, हाताला सलाइन, ओठाला ओला कापूस. आणि रोज सकाळी डॉक्टर पोटाला स्टेथोस्कोप लावून ऐकणार. आतडी हलायला लागली की आवाज येतो. माझं पोट मुकं! पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. शांताचं तोंड उतरलं. नव्यानं केलेला जोड सुटला तर काय होतं, हे शेजारच्या पेशंटच्या बायकोनं तिला तिखटमीठ लावून सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी मास्तरांना राहवेना. ‘‘साहेब, राग नका येऊ देऊ. एक डाव मी ऐकू काय?’’

डॉक्टरांनी काय विचार केला कोण जाणे, स्टेथोस्कोप कानातून काढून त्यांच्या हातात दिला! मास्तरांनी डोळे मिटले.  मिनिटभरानं म्हणाले, ‘‘खालतं, डाव्या बाजूले. लय बारीक. पण हाय.’’ डॉक्टरांनी स्टेथोस्कोप परत घेतला, त्याच जागी लावला, बराच वेळ ऐकलं. मग वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेले.

चौथ्या दिवशीची सकाळ. मोठे डॉक्टर दहा-बारा विद्यार्थ्यांना घेऊन माझ्या पलंगाभोवती उभे. मुलं-मुली, सगळे गंभीर. डॉक्टर समजावत होते, ‘‘या टप्प्यावर आपण कशाची वाट पाहतो?’’ कोणी उत्तर द्यायच्या आत मीच दिलं!

लांब. खणखणीत. अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल असं!

एका मुलीनं वहीत तोंड लपवलं. डॉक्टर घड्याळाकडं बघून म्हणाले, ‘‘नऊ वाजून दहा मिनिटं. लिहून घ्या. सर्जनसाठी यापेक्षा गोड आवाज नाही.’’ पलीकडचा म्हातारा टाळ्या वाजवायला लागला. शांता तर धावतच व्हरांड्यात गेली, ‘‘आला! आला! यांचा गॅस आला!’’

नेमके त्याच वेळी सेलूचे आमचे शेजारी काकाजी मला बघायला जिना चढत होते. त्यांचा हात कठड्यावरच राहिला. ‘‘काय म्हणतं! आला? अन् आमचा नंबर तीन सालापासून लागून हाय! शेगडी बी देली काय?’’

मास्तर दुपारी आले. त्यांना कळलं. खूश व्हायचं सोडून तोंड पाडून बसले. मी विचारलं, ‘‘काय झालं मास्तर?’’

‘‘पंधरा साल संगं वाजवलं रे आपण,’’ ते म्हणाले, ‘‘अन् आज तू माह्याशिवाय सुरू केलं!’’

* * *

पोटावर टाके असताना हसणं म्हणजे काय शिक्षा असते, ते ज्याचं त्यालाच माहीत. बँडपार्टी भेटायला यायची आणि तोंड उघडलं की किस्सा! मी पोट धरून ‘नको रे, नको रे’ म्हणायचो. शेवटी अन्नम्मा सिस्टरनी सगळ्यांना दारात उभं केलं. ‘‘पेशंट को हँसाने का नहीं! टाका टूटेगा तो तुम जिम्मेदार! सीधा मुँह लेके आने का, नहीं तो आने का नहीं!’’

हे मला माहीतच नव्हतं.

त्याच दिवसांत काढलेल्या तुकड्याची तपासणी चालू होती. रोग आजूबाजूच्या गाठींत गेला का नाही, ते त्या रिपोर्टमध्ये कळणार होतं. मी वरून हसत असलो तरी डोळा सारखा दाराकडं.

संध्याकाळी सातही जण आले. एका रांगेत. मान खाली. चपला बाहेर काढून. शालिकचा खालचा ओठ थरथरत होता. कोणी माझ्याकडं बघेना. मास्तरांनी माझ्या पायाला हात लावला आणि पटकन तोंड फिरवलं.

  मी म्हटलं, ‘‘रिपोर्ट आला काय?’’

सातही जण फरशीकडं बघत राहिले.

‘‘मास्तर, सांगा मले. गाठीत गेला काय? किती दिवस देले डॉक्टरनं?’’

शालिकनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. मी डोळे मिटले. शांताचं कसं होईल, पोरीच्या शाळेचं कसं होईल, एवढं सगळं एका श्वासात डोक्यातून गेलं.

आणि शालिक फुटला! ‘‘अबे, कायचा रिपोर्ट बे! सिस्टरनं हसाची मनाई केली, म्हणून दम धरून उभे हाओ! आता नाई राह्यलं जात!’’

सात जण खदाखदा, आणि मी आठवा! टाके, उशी, सलाइन, कशाचं भान नाही. सिस्टर धावत आल्या. मी हसता हसता ओरडत होतो आणि ओरडता ओरडता रडत होतो. 

रिपोर्ट पाच दिवसांनी आला. गाठ जिथल्या तिथं होती, कुठंच पसरली नव्हती. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. सगळे एकदम इतके चूप झाले, की सिस्टरच म्हणाल्या, ‘‘अब हँसो ना!’’

* * *

डिस्चार्जच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी बोट रोखून बजावलं होतं, ‘‘सहा महिने ट्रम्पेटला तोंड लावायचं नाही. पोटावर जोर आला तर टाक्याच्या जागेतून हर्निया उतरेल.’’ मी हो म्हटलं.

ऑपरेशन झालं डिसेंबरात. सगळी लग्नसराई मी लाल कोट घालून नुसती झांज वाजवत चाललो. दम राहिलाय का गेलाय, काही कळायला मार्ग नाही. शाळेतून येताना चढावर धाप लागली तरी मला वाटायचं, संपलं, आता आपण झांजवालेच. मे महिन्याचा शेवट आला. सहा महिने भरायला वीस दिवस बाकी आणि सिझन संपायला फक्त एक वरात बाकी. सिंदी मेघेची, वर्ध्याला लागूनच.

मी शांताला न सांगता ट्रम्पेट पेटीतून काढून नेलं.

वरात निघाली. संध्याकाळचे पाच वाजले असतील. मास्तरांनी माझ्या हातात ट्रम्पेट पाहिलं, आणि क्लॅरोनेट ओठाला लावलं. पहिला सूर घोगरा आला. दुसरा अडखळला. तिसरा निघाला तो सरळ वरच्या ‘सा’पर्यंत गेला! पोरं ओरडली, नवरदेवाचे मामे रुमाल उडवत नाचायला लागले, शालिकनं ढोलावर असा हात टाकला, की घोडी बिचकली. मी डोळे मिटून वाजवत होतो.

आणि क्लॅरोनेट बंद पडलं. मधेच. मास्तर सूर अर्धा सोडतील, हे आयुष्यात झालं नव्हतं. मी डोळे उघडले.

समोर रस्ता अडलेला, आणि गर्दीच्या पलीकडं स्कूटरवर मोठे डॉक्टर!

माझं ट्रम्पेट ओठापासून निसटलं. एकेक वाद्य थांबलं. फक्त शालिकला ढोलाआडून काही दिसलं नव्हतं. तो एकटाच बडवत राहिला. ताशावाल्यानं त्याला कोपर मारलं, तेव्हा थांबला.

डॉक्टरांनी स्कूटर स्टँडवर लावली आणि चालत माझ्याकडं निघाले. लोक बाजूला झाले. नवरदेवाचा मामा घाबरा घाबरा, ‘‘डॉक्टर काऊन आले? नवरदेवाले काही झालं काय?’’ नवरदेव घोडीवरून वाकून बघायला लागला.

‘‘कोटाची बटणं काढा,’’ डॉक्टर म्हणाले.

भर रस्त्यात, दोनशे वऱ्हाड्यांसमोर मी लाल कोट उघडला, सदरा वर केला. त्यांनी टाक्यांच्या व्रणावर पंजा सपाट ठेवला. हात गार होता.

‘‘वाजवा.’’

‘‘आँ?’’

‘‘वाजवा म्हणतोय ना.’’

मी एक लांब सूर लावला. दम संपेस्तोवर. डॉक्टरांचे डोळे मिटलेले, पंजा पोटावर दाबलेला. 

‘‘हं. पुन्हा.’’

मी पुन्हा लावला, आणखी वरचा.

‘‘अजून एक.’’

तिसरा लावला. तो पूर्ण विरून गेला, तरी ते तसेच उभे. मीच म्हटलं, ‘‘डॉक्टरसाहेब, हर्निया लागून राह्यला काय हाताले?’’

‘‘छे. पहिल्याच सुराला कळलं. शिवण पक्की आहे.’’

‘‘मंग हे दोन कायले?’’

डॉक्टरांनी माझा सदरा खाली ओढला. कोटाची बटणं एकेक करून स्वतः लावली. झालर नीट केली.

‘‘ते माझ्यासाठी,’’ म्हणाले, आणि स्कूटरकडं वळले.